एजंट घर दाखवण्याआधी मालकाकडे काय मागतो, ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत नोकरीला, वाकडला भाड्याने राहतात. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात 85 लाखांपर्यंत रीसेलचा टू बीएचके शोधताहेत. तीन एजंटांबरोबर 14 फ्लॅट पाहून झाले. त्यातला एक म्हणतो, "रविवारपर्यंत दोन लाख टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे." तिघंही नीट बोलतात, तिघंही म्हणतात की एरिया हाताच्या तळव्यासारखा माहीत आहे. यातला खरा जाणकार कोण, हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं?

मी पुण्यात 22 वर्षं मालमत्तेचीच वकिली करते. सर्च रिपोर्ट काढणं (म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासणं), साठेखत (विक्रीचा आधीचा करार) आणि खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) लिहिणं, हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात पक्षकारांबरोबर उभं राहणं, हेच रोजचं काम. त्यामुळे एजंटांची ओळख मला त्यांच्या बोलण्यातून कमी आणि त्यांनी आणलेल्या फायलींतून जास्त होते. काही जणांची फाइल आली की माझं काम दोन दिवसांत उरकतं. काही जणांची आली की पहिला आठवडा नुसते कागद गोळा करण्यात जातो.

माझं उत्तर एका प्रश्नात आहे, आणि तो तुम्ही एजंटाला पहिल्याच फोनवर विचारायचा: "हा फ्लॅट दाखवायला घेण्याआधी तुम्ही मालकांकडून कोणते कागद बघितलेत?" जाणकार एजंट यावर थांबत नाही. मूळ करारनामा आहे, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) आहे, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद) आहे, कर्ज अमुक बँकेचं आहे, पूर्णत्वाचा दाखला (बांधकाम पूर्ण झाल्याचा महापालिकेचा कागद) सोसायटीकडून मागवलाय, असं तो बोलता बोलता सांगून जातो. ज्याने काहीच बघितलेलं नसतं तो म्हणतो, "पेपर एकदम क्लिअर आहेत, काळजीच करू नका." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावर आलं की मी वहीत नवीन पान उघडते.

जवळून पाहिलेला एक प्रसंग सांगते. कर्वेनगरमधले एक वयस्क एजंट माझ्या पक्षकारांना फ्लॅट दाखवायला घेऊन गेले, मीही बरोबर होते. पार्किंगमध्ये पोचल्यावर त्यांनी लिफ्टकडे न जाता कापडी पिशवीतून मंजूर नकाशाची झेरॉक्स काढली, स्कूटरच्या सीटवर पसरली आणि बोट ठेवून म्हणाले, "ही टेरेस. वर गेलात की इथे तुम्हाला तिसरी खोली दिसेल. ती नकाशात नाही. मालक तिचेही पैसे धरून भाव सांगताहेत. बँकेचा व्हॅल्युअर ती धरणार नाही, तुम्हीही धरू नका." मग आम्ही वर गेलो. खोली छान होती, खिडकीत कुंड्या होत्या, आणि कुणी काही सांगितलं नसतं तर पक्षकारांनी आनंदाने तिची किंमत मोजली असती. पुढे भाव त्या हिशोबाने उतरला आणि व्यवहार झाला. या एजंटांचं इंग्रजी बेताचं आहे, ऑफिस म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानातलं टेबल आहे. तरी माझ्या भावाला घर घ्यायचं होतं तेव्हा मी त्याला त्यांच्याकडेच पाठवलं.

आता महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, नंबराबद्दल. तो विचाराच, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. रेरा कायदा 2016 चा, पूर्णपणे लागू झाला 1 मे 2017 पासून. नोंदणीकृत एजंटाचा क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटाचं नाव टाकून नोंदणी चालू आहे की मुदत संपली, हे दोन मिनिटांत कळतं. 2023 मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, त्यामुळे आता त्याच्याकडे सक्षमता प्रमाणपत्रही असायला हवं. इथपर्यंत ठीक. पण कायद्यातली नोंदणीची अट आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली, बिल्डर स्वतः विकत असलेली घरं विकून देणाऱ्यांसाठी. तुम्ही बघताय तशी कोथरूडमधली 1992 ची एखादी इमारत त्यात येत नाही. म्हणजे रीसेलचं काम बिननोंदणीचा माणूस करत असेल तर तो कायदा मोडतोय असं नाही, आणि नोंदणीकृत माणसाला त्या जुन्या इमारतीतलं कळतंच असंही नाही. दोघं सारखेच वाटले तर मी नोंदणीकृत निवडेन, कारण त्याने निदान अभ्यास करून परीक्षा दिली आहे आणि त्याचं नाव-पत्ता सरकारदरबारी आहे. नवीन प्रकल्पात मात्र बिननोंदणीच्या एजंटाला दारातही उभं करू नका. तिथे त्याला दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत.

रीसेलमध्ये सगळ्यात जास्त व्यवहार अडकतात ते 'मालक कोण' या एका मुद्द्यावर, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं तेव्हा विसार म्हणून पाच लाख देऊन झाले होते, गृहकर्ज मंजूर झालं होतं आणि नोंदणीची तारीख आठवड्यावर होती. फ्लॅट मूळ वडिलांच्या नावावर. वडील वारले, मोठा मुलगा नॉमिनी होता, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर करून दिलं होतं. मी विचारलं, भावंडं किती? दोन बहिणी, एक सांगलीला, एक इंदूरला. त्यांची सही? मी एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट त्यांच्याच नावावर आहे, सोसायटीने ट्रान्सफर केलंय, आता काय राहिलं?" तो मला फसवत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं की नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, सोसायटीच्या नोंदीने तो एकटा मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर आई आणि दोन्ही बहिणींचाही हिस्सा होता. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं होतं, नाहीतर खरेदीखतावर सह्या करायला हव्या होत्या. सांगलीची बहीण तयार झाली, इंदूरची झाली नाही. कर्जाच्या मंजुरीची मुदत संपली. विसाराचे पाच लाख 11 महिन्यांनी, तीन हप्त्यांत परत मिळाले. तोवर त्या जोडप्याने ज्या भागात घर होणार हे गृहीत धरून मुलीचा शाळेत प्रवेश घेतला होता, तिथे ते रोज वाकडहून तिला सोडत होते.

एजंट लबाड नसला तरी एवढं होऊ शकतं. म्हणून तुमच्या तिघांना विचारा, "मालकी कशी आली? स्वतः घेतलेला, वारसाने आलेला, की बक्षीसपत्राने?" वारसाने आलेला असेल तर त्याने वारस किती आणि ते कुठे राहतात, हे न विचारता सांगायला हवं.

पुण्यात याच्याच जोडीला दुसरा प्रकार फार. मालक अमेरिकेत आणि किल्ली भावाकडे किंवा शेजाऱ्यांकडे. विक्री कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नीवर, होते. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं किंवा अपोस्टिल झालेलं (तिथल्या सरकारने शिक्का मारून प्रमाणित केलेलं) असावं लागतं, इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि देणारा माणूस हयात नसेल तर ते संपलेलं असतं. चांगला एजंट मालकाशी तुमचा व्हिडिओ कॉल स्वतःहून लावून देतो. आणखी एक गोष्ट त्याला माहीत असायलाच हवी: 50 लाख आणि त्यापुढच्या व्यवहारात खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस (मालकाला द्यायच्या रकमेतून कापून सरकारला भरायचा कर) कापायचा असतो हे बहुतेकांना ठाऊक आहे, पण विक्रेता अनिवासी असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागूच होत नाही. तिथे कपात बरीच मोठी असते आणि ती कमी कापली तर प्राप्तिकर खातं तुम्हाला धरतं, मालकाला नाही. ज्या एजंटाने "एनआरआय आहेत, पण काही फरक पडत नाही" असं म्हटलं, त्याच्याबरोबरचा शोध तिथेच थांबवा.

मूळ करारनामा कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. फ्लॅट तीन हातांतून फिरला असेल तर तिन्ही करारनाम्यांच्या मूळ प्रती आणि नोंदणीच्या पावत्या हव्यात, बिल्डरच्या पहिल्या करारासकट. "बँकेत आहेत" असं उत्तर आलं तर काही बिघडलं नाही, बऱ्याच फ्लॅटवर कर्ज असतंच. अशा वेळी मालकाच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिथे ठेवलेल्या कागदांची यादी आणावी लागते, तुमची बँक थेट त्यांच्या बँकेला पैसे देते आणि कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात. हा क्रम ज्याला पाठ आहे त्याने असे व्यवहार केलेत. "आधी तुम्ही मालकांना दहा-पंधरा लाख द्या, ते कर्ज फेडतील, मग बघू" असा क्रम सांगणाऱ्याने केलेले नाहीत, किंवा केले असतील तर खरेदीदाराला जोखमीत टाकून केले आहेत.

कोथरूडमध्ये सध्या प्रत्येक जुन्या इमारतीबरोबर 'रीडेव्हलपमेंटला जाणार' ही ओळ जोडून भाव सांगितला जातो. असं सांगणाऱ्या एजंटाला विचारा की सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे की मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं नाव आहे? झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर किंवा जमीनमालक सही देत नसताना जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज केलाय का? सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ प्रमाणे विकसक नेमण्याची सभा झाली का, की फक्त सभासदांत बोलणं चालू आहे? ज्याला हे माहीत आहे तो स्वतःच सांगेल की सहा महिन्यांपूर्वी सभा झाली, दोन जणांचा विरोध आहे, प्रकरण अमुक टप्प्यावर आहे. नुसत्या बोलण्यावर चौरस फुटामागे हजार-पंधराशे जास्त देऊ नका.

परिसराचं ज्ञान म्हणजे मेट्रो स्टेशन किती मिनिटांवर आहे एवढंच नाही, ते नकाशावर तुम्हालाही दिसतं. पाण्याचं विचारा. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मुठेच्या दोन्ही काठांना फ्लॅट दाखवणाऱ्याला सरळ विचारा, त्या दिवशी या पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं? इमारत निळ्या पूररेषेच्या आत आहे का, लाल रेषेच्या आत आहे का? निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची. वारज्याच्या पुढे, 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या बाजूला सरकत असाल, तर उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे विचारा. हे कागदावर कुठेच मिळत नाही. यासाठीच तर स्थानिक एजंटाला पैसे द्यायचे असतात.

भावाची गोष्ट वेगळी. भावाचा अंदाज एजंटाच्या तोंडून नको, नोंदलेल्या व्यवहारातून हवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या दोन वर्षांत कितीला नोंदणी झाली, याचे दोन-तीन इंडेक्स टू काढून समोर ठेवणारा एजंट भेटला तर त्याला सोडू नका.

आणि एक साधी परीक्षा घ्या. त्याला म्हणा, "85 लाखांचा फ्लॅट, शेवटी खिशातून एकूण किती जाणार, लिहून द्या." पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 5,95,000. नोंदणी शुल्क 30,000. एकट्या पत्नीच्या नावावर घेतला तर 1 टक्का सवलत, म्हणजे 85,000 वाचतात, पण दोघांच्या नावावर घेतला तर सवलत मिळत नाही, आणि एकटीच्या नावावर असेल तर कर्जाच्या व्याजाची करसवलत नवऱ्याला घेता येत नाही. शिवाय सरकारी रेडी रेकनरचा दर किमतीपेक्षा जास्त निघाला तर शुल्क त्या दरावर बसतं. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त 25,000. कुणी 'डोनेशन' म्हणून दोन लाख मागत असेल तर ते देण्याची तुमच्यावर सक्ती नाही. वर एजंटाची दलाली. हा हिशोब ज्याने दहा मिनिटांत लिहून दिला, त्यात महिला सवलतीची बाजू सांगितली, त्याला काम येतं.

दलालीबद्दल संकोच करू नका. रीसेलमध्ये पुण्यात दोन्ही बाजूंकडून 1 ते 2 टक्के घ्यायची रीत आहे. 2 टक्के म्हणजे तुमच्याकडून 1,70,000. कष्टाच्या कामाला ती रक्कम योग्य आहे, पण किती आणि कधी, हे पहिला फ्लॅट बघतानाच लिहून घ्या. मी पक्षकारांना निम्मी साठेखताच्या नोंदणीला आणि निम्मी ताबा मिळाल्यावर द्यायला सांगते. सगळी रक्कम टोकनच्या दिवशी मागणाऱ्याला पुढच्या कामात रस उरत नाही. तो मालकाकडूनही घेतोय का, हे विचारलं तर राग येणारा एजंट नको. दोन्हीकडून घेत असेल तर भावाच्या घासाघिशीत तो तुमचा माणूस नाही, एवढं ध्यानात ठेवून स्वतः बोला. नवीन प्रकल्पात बहुतेक वेळा बिल्डरच एजंटाला देतो, त्यामुळे तिथला सल्ला बिल्डरच्या पैशातून आलेला असतो.

"थोडे रोख द्या, तेवढा मुद्रांक वाचेल," असं सुचवणाऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे, आणि व्यवहार मोडला तर ती रोख रक्कम तुम्ही दिली होती याचा कागद तुमच्याकडे नसतो.

वकील मात्र तुमचा तुम्ही शोधा. एजंट चांगला असला तरी त्याची दलाली व्यवहार पूर्ण झाल्यावरच मिळते, आणि 'हा फ्लॅट घेऊ नका' असं सांगणारा एक तरी माणूस तुमच्या बाजूला असायला हवा. 30 वर्षांचा सर्च, जाहीर नोटीस, साठेखताचा मसुदा ही वकिलाची कामं. माझा वकील कागद बघेल म्हटल्यावर चांगला एजंट खूश होतो, त्याच्या डोक्यावरचा भार कमी होतो. "कशाला उगाच खर्च, आमचे नेहमीचे आहेत ना," असं म्हणणाऱ्याकडे मी दोनदा बघते.

आता रविवारच्या टोकनबद्दल. दुसरी पार्टी खरी असेलही, चांगल्या फ्लॅटला असतेच. तरी दोन लाख पाठवण्याआधी त्या एजंटाला आज संध्याकाळी एवढाच मेसेज करा:

"फ्लॅट आम्हाला आवडला आहे, घ्यायची तयारी आहे. शेवटच्या करारनाम्याची आणि इंडेक्स टूची प्रत, शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू, पूर्णत्वाचा दाखला आणि कर्ज असल्यास बँकेचं बाकीचं पत्र पाठवा. टोकन मालकांच्या खात्यात चेकने देऊ. विसार पावतीत लिहून हवं की मालकी निर्वेध निघाली नाही, कर्ज मंजूर झालं नाही किंवा सोसायटीने ना हरकत दिली नाही, तर पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत. पावतीवर सगळ्या मालकांच्या सह्या लागतील."

कागद शनिवारपर्यंत आले, एखादा नसेल तर तो का नाही हे त्याने सांगितलं, आणि पावतीतल्या अटींवर त्याने मालकांशी बोलून होकार आणला, तर रविवारी खुशाल टोकन द्या. बाकीच्या दोघांनाही, त्यांनी दाखवलेल्यातला जो फ्लॅट मनात आहे त्यासाठी, हाच मेसेज पाठवून बघा.